कोट नावाची फाईल

चांदूर रेल्वेला स्टेशनरोडवर शेषरावांचं फोटोचं दुकान आहे. तिथं मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी जे झालं, ते सांगतो. रात्र नव्हती. वारा घोंघावत नव्हता, कुत्रं रडत नव्हतं. बाहेर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन होतं, शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि आत कूलर घरघरत होता. काम म्हणाल तर साधं. जुन्या कॉम्प्युटरमधल्या फाईली नव्यात घ्यायच्या होत्या.

जुना कॉम्प्युटर एकोणीस वर्षांचा. त्याचा डबा टेबलाखाली दोन विटांवर ठेवलेला. महिनाभरापासून तो आतून कट... कट... वाजू लागला होता. नखानं पत्रा ठोकावा तसा आवाज. शेषरावांची धाकटी मुलगी रागिणी अमरावतीला शाळेत शिकवते. तिनं तो आवाज फोनवर ऐकला आणि रविवारी सकाळी नवा लॅपटॉप घेऊन घरी आली.

"बाबा, हा आता जाते. आज जाईल नाई तं उद्या. आतलं सगळं काढून घ्या."

"एकोणीस वर्षं चालला. चांगली वस्तू हाय."

"चांगली हाय म्हनूनच सांगून राहिली. चालता चालता पडन."

तिनं दोन्ही कॉम्प्युटरांच्या मधे एक वायर जोडली. जुन्याच्या पडद्यावर नुसती नावं दिसत, एकाखाली एक. नव्यावर तिनं असं करून दिलं की नावाच्या जागी मोठं चित्रच दिसावं. "तुमाले वाचाले तरास नको," ती म्हणाली. शेषराव सातवी शिकलेले. वाचायला त्रास होतो हे त्यांना आवडलं नाही.

त्यांचं दुकान अर्धं लग्नावर चालायचं, अर्धं तेरवीवर. लग्नाचं काम मोबाईलनं नेलं. तेरवीचं राहिलं. आमच्याकडे खेड्यात माणूस जन्मभर बंडी-धोतरावर राहतो. मेला की घरच्यांना त्याचा भिंतीवर लावायला फोटो पाहिजे, आणि तो कोटात पाहिजे. मग लोक मतदान कार्ड आणतात, नाही तर कुणाच्या लग्नातला, पंगतीत मान खाली घालून जेवताना काढलेला फोटो आणतात. शेषराव त्यातून चेहरा कापत, डाग काढत, उजेड सारखा करत आणि कोटावर बसवत. खाली 'कै.' लिहून नाव. असे अकराशेच्या वर फोटो त्यांनी केले. चांदूर तालुक्यात असं गाव नाही, जिथल्या भिंतीवर शेषरावांच्या हातचा म्हातारा नाही.

आणि ते सगळे म्हातारे एकाच कोटात आहेत. एकाच खुर्चीवर.

तो कोट अंगात घालून बसलेला माणूस म्हणजे शेषरावांचा मुलगा योगेश.

कॉम्प्युटर नवा घेतला त्या वर्षीची गोष्ट. योगेश अठराचा होता. शेषरावांनी बडनेऱ्याच्या बाजारातून जुना कोट आणला, पोराला घातला, दुकानाच्या आतल्या खोलीत लाकडी हातांच्या खुर्चीवर बसवलं. "हात खुर्चीच्या हातावर ठेव. हलू नको." फोटो निघाला. तेवढ्यात बाहेर गिऱ्हाईक आलं, शेषराव कॅमेरा घेऊन कॉम्प्युटरवर बसले आणि कामात पोराला विसरले. तासाभरानं शेषरावांची बायको माणिकबाई आतल्या खोलीत झाडायला गेली तर पोरगा मे महिन्याच्या उन्हाळ्यात कोट घालून घामानं निथळत तसाच बसलेला.

"काहून रे बसला?"

"बाबानं ऊठ म्हनलं नाई."

माणिकबाईनं हसून त्याला उठवलं. शेषरावांची ती सवयच होती. फोटो काढला की गिऱ्हाईकाला 'झालं, ऊठ' म्हणायचं. त्या दिवशी तेवढं राहून गेलं.

त्यांनी त्या फोटोतलं पोराचं डोकं खोडलं. मान कॉलरपाशी कापून पांढरी जागा ठेवली आणि फाईलीला नाव दिलं 'कोट'. मूळ फोटो वेगळा जपून ठेवायला पाहिजे होता. तेव्हा नवं नवं होतं, समजलं नाही. खोडलेलंच जुन्यावर चढवलं गेलं. पोराचा आयुष्यात तेवढा एकच चांगला फोटो निघाला होता, आणि त्याला डोकं नव्हतं.

सात वर्षं पोरगा काही बोलला नाही. मग एकदा मित्राच्या बापाच्या तेरवीला गेला आणि जेवायचं सोडून परत आला. दुकानात उभा राहिला.

"बाबा, त्या भिंतीवर मी बसलो हाय."

"फोटो हाय तो."

"माहे हात हायत. हा अंगठा पाहा." डाव्या अंगठ्याचं नख लहानपणी कागद कापायच्या सुरीखाली येऊन मधोमध दुभंगलं होतं. "पोट्टे मले हासून राहिले. म्हने, तुले हार घालू का बे? मले काढा त्याच्यातून."

"कोनाले समजते?"

"मले समजते."

शेषरावांनी काढलं नाही. गिऱ्हाईकाला तो कोट पसंत होता, आणि पोरानं बापाला शिकवावं हे त्यांच्या रक्तात बसत नव्हतं. आठ दिवसांनी योगेश पहाटेच्या गाडीनं गेला. महिन्याभरात सुरतेहून एक फोन आला, माणिकबाईला. नंतर काही नाही. पोलीस झाले, देव झाले, सुरतेला दोन चकरा झाल्या.

एक गोष्ट मात्र शेषरावांनी केली, ती कुणाला सांगितली नाही. त्या दिवसापासून फोटो छापताना ते छातीपाशी कापत. हात कुठल्या भिंतीवर पुन्हा गेले नाहीत. कॉम्प्युटरमधे फाईल पूर्ण राहायची, पण काम करताना त्यांची नजर मानेच्या सांध्यावर असायची. खाली पाहायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

येत्या आठ तारखेला योगेशला जाऊन बारा वर्षं होणार होती. माणिकबाईचा भाऊ शालिकराम तेल्हाऱ्याला असतो. तो मागच्या आठवड्यात येऊन गेला होता.

"भाऊजी, बारा वर्षं झाले की दर्भाचा पुतळा करून क्रिया कराव लागते. पोरगा तिकडे लटकून राह्यला असन तं मोकळा व्हईन. भटजी मी पाहतो. फोटो तेवढा तुमी करा. दुकान घरचंच हाय."

"करतो," शेषराव म्हणाले होते.

त्या शब्दापासून माणिकबाई त्यांच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, पाणी द्यायची. बोलत नव्हती. फोटो हार घालून भिंतीवर चढला की योगेश मेला. चढला नाही तोवर नाही. सारा हिशेब एवढाच होता, आणि तो शेषरावांच्या हातात होता. रेशनकार्डाच्या वेळचा योगेशचा टिकलीएवढा चेहरा त्यांनी कपाटातून काढून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. आज संध्याकाळी तो कोटावर बसवायचा. इतकी वर्षं लोकांची डोकी त्या धडावर बसवली, आता ज्याचं त्याचं बसवायचं.

दुपारी एकच्या गाडीनं रागिणी परत गेली. जाता जाता म्हणाली, "हे एक फाईल येऊन नाई राहिली बाबा. 'कोट' नावाची. चार डाव अडकली. मी ते सोडून बाकीच्या लावल्या. दोन तास लागतीन. बंद नका करू."

ती गेली आणि जानराव आला. वांगी-टमाटर पिकवणारा माणूस, शेत गावाला लागूनच. त्याचा बाप रामराव आठ दिवसांपूर्वी गेला होता. जानरावनं पिशवीतून मतदान कार्ड काढलं, पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

"भाऊ, गुरुवारी तेरवी हाय. कोटात पायजे."

"रामरावनं कोट कदी घातला?"

"म्हनून तं पायजे. जिंदगीभर बंडीवर राह्यला बुढा. आता तं साजरा दिसू द्या. अन् केस जरासे काळे करा. माय म्हने, लई पांढरा नको."

"मायले सांग, नवरदेव नाई करत मी."

जानराव हसला, डोळे पुसले, पाणी प्यायला आणि उन्हात गेला.

शेषराव एकटे उरले. कूलरच्या खसाचा ओला वास. टेबलाखाली कट... कट... आणि नव्या पडद्यावर एकेक फोटो येऊन बसत होता. पहिल्या वर्षीचे आधी. ते खुर्ची ओढून बघत बसले. भुताबितावर त्यांचा विश्वास नव्हता. मेलेल्यांच्या गालावरचे डाग काढण्यात हयात गेली, एकानंही कधी पापणी हलवली नव्हती.

एका ओळीत सहा म्हातारे. सगळे ओळखीचे. हा टाकळीचा पाटील, हा हमाल, हा शाळेचा चपराशी. सगळे एका कोटात, आणि खाली बारा कोवळे हात. फोटो असे शेजारीशेजारी आले तेव्हा ते समजलं. म्हाताऱ्या तोंडांखाली अठरा वर्षांच्या पोराचे हात. त्यांना पहिल्यांदा लाज वाटली.

ओळी सरकत गेल्या. योगेश गेला ते वर्ष आलं. त्याच्या पुढचं वर्ष आलं. आणि शेषराव पुढे वाकले.

हात निळे होते.

त्यांना वाटलं, नव्या पडद्याचा रंग चुकला. पण चेहरा ठीक होता, कोट ठीक होता, खुर्ची ठीक होती. फक्त हात, मनगटापर्यंत, नखांच्या खाचांत खोलवर, निळे. पुढच्या फोटोतही. त्याच्या पुढच्यात बोटं पिवळी आणि मनगट निळं. अशा चार ओळी.

सुरतेला कापड रंगवायचे कारखाने आहेत हे त्यांना माहीत होतं. दोन्ही चकरांत त्यांनी तसले हात रस्त्यावर शेकड्यांनी पाहिले होते. प्रत्येकाचा डावा अंगठा पाहिला होता.

त्यांनी फोटो मोठा केला. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं.

शेषरावांनी फोन लावला. "रागिणी, एकाच फाईलीतून हजार फोटो केले, तं त्याच्यात काही बदलते काय?"

"काय बदलन बाबा? एकच फाईल हाय. हजार ठिकानी लावली तरी तेच राहन."

"आपोआप?"

"आपोआप काई होत नाई. काय दिसून राह्यलं?"

"काई नाई. पोचली काय तू?"

"बडनेऱ्याले हाव."

"बरं."

त्यांनी फोन ठेवला आणि आतल्या दाराकडे पाहून हाक मारली. "अवो... ये इकडे."

माणिकबाई उंबऱ्यात आली. बोलली नाही.

"इथं पाह्य. तोंड नको पाहू. हात पाह्य."

तिनं पाहिलं. खाली टेकली. मग ते दोघं म्हातारे त्या उन्हाळ्याच्या दुपारी, अर्ध्या शटराच्या अंधारात, लोकांच्या मेलेल्या बापांच्या फोटोंतून आपल्या मुलाचे हात बघत बसले. टेबलाखाली तो आवाज होत होता. दर आवाजाला एक फोटो येत होता.

हात रुंद झाले. शिरा दिसायला लागल्या. मग एका ओळीत, एका भाजीवाल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याखाली, हात पिवळेधम्मक होते. या वेळी रंग वेगळा होता. मनगटाला कंकण बांधलेलं होतं.

माणिकबाईनं तोंडावर पदर धरला. "हळद..." ती म्हणाली. आठ दिवसांत पहिला शब्द. "हळद लागली वो त्याले. लग्न झालं माह्या लेकराचं..."

त्या भाजीवाल्याचा फोटो कधी केला ते शेषरावांना आठवत होतं. फाल्गुन होता. घरी दोघंच होते आणि त्या दिवशी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यांनी ताट सरकवलं होतं. त्याच दिवशी कुठं तरी सनई वाजली असेल.

पुढं दोन वर्षं नुसते काम करणारे हात. मग एके ठिकाणी तीन नखांवर लाल रंग, वाकडातिकडा, बोटाच्या कातड्यावर पसरलेला. जसं लहान मूल बापाला धरून बसवतं आणि नखं रंगवतं.

"पोरगी हाय," माणिकबाई म्हणाली. "पोरगं असं नाई करत."

"हलू नको म्हनत असन," शेषराव म्हणाले. आणि म्हटल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

खोलीतला वास बदलला तो कधी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. खसाच्या मागून आधी बारीक, मग स्पष्ट वास यायला लागला. फिनेलनं पुसलेली फरशी, औषध, घाम. दवाखान्यातला वास. माणिकबाईनं कूलर बंद केला. वास तसाच राहिला.

मागच्या वर्षीचे फोटो आले. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट अर्ध्यावरून गेलेलं, टाके पडलेले. मग हात बारीक होऊ लागले. फोटोगणिक. हाडं वर आली. आणि या वर्षीच्या फोटोंत डाव्या हाताच्या पालथ्या बाजूला सलाईनची सुई होती, तिच्यावर पांढरी चिकटपट्टी आडवी मारलेली.

शेवटचा फोटो एप्रिलचा. त्यात बोटांनी खुर्चीचे हात असे आवळून धरले होते की नखं पांढरी पडली होती. उठायचं आहे आणि कुणी उठू देत नाही, असे ते हात होते.

पडद्यावर अक्षरं आली की सगळ्या फाईली झाल्या, एक राहिली. कोट.

"अवो," माणिकबाई म्हणाली. "तो आताबी तिथंच हाय का वो?"

शेषरावांना कळलं ती काय विचारते आहे. सुरतेच्या दवाखान्याबद्दल नाही, त्या खुर्चीबद्दल ती विचारत होती.

ते जुन्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. 'कोट' उघडला. डबा जोरात वाजू लागला. फोटो वरून खाली उतरत आला, एकेक रेघ. पांढरी जागा, जिथं त्यांनी डोकं खोडलं होतं. कॉलर. बटणं. बाह्या. खुर्चीचे हात. आणि त्यावर ते हात, पट्टी मारलेले, हाडाहाडाचे. शेषराव पाहत असताना त्यांना वाटलं की पट्टीचा कोपरा सुटला आहे. मघाशी तो सुटलेला नव्हता. बोटं... बोटं थरथरत होती की पडदा, ते त्यांना सांगता आलं नसतं.

एकोणीस वर्षं त्यांनी या पोराला बसवून ठेवलं होतं. अकराशे माणसं त्याच्या मानेवर येऊन बसली. एकदाही त्याला कुणी विचारलं नाही. आणि आज संध्याकाळी त्याचंच तोंड त्याच्यावर ठेवून ते हार घालणार होते.

त्यांना दोन्ही वाटा दिसत होत्या. शालिकराम म्हणाला होता, मोकळा होईल. मोकळा होणं म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून माणूस दोन तऱ्हांनी उठतो.

"बोला," माणिकबाई म्हणाली. तिचा हात त्यांच्या खांद्यावर आला होता. "राह्यलं हाय तुमचं बोलाचं."

"अन् काई उलटं झालं तं?"

"बसून तं नाई राहणार..."

शेषरावांनी घसा साफ केला. ते आयुष्यात कुणाला चुकलो म्हणाले नव्हते. आताही म्हणाले नाहीत. गिऱ्हाईकाला म्हणत तेवढंच, त्याच आवाजात म्हणाले.

"झालं. ऊठ."

नागपूरकडे जाणारी गाडी स्टेशनातून सुटली. टेबल हाललं, काचा वाजल्या. लाईन गेली. पंखा थांबला, जुना पडदा एका ठिपक्यात मिटला आणि टेबलाखालचा आवाज बंद झाला. त्यानंतर तो डबा कधी सुरू झाला नाही. नवा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. त्याच्या उजेडात त्यांना दिसलं की राहिलेली फाईल आली आहे.

वायरीच्या पलीकडचं यंत्र मेलेलं असताना ती कशी आली, असं नंतर रागिणीनं तीनदा विचारलं. शेषरावांनी सांगितलं, मला काय माहीत.

त्यांनी ती उघडली. पांढरी जागा नव्हती. मागची भिंत होती, आतल्या खोलीची, जिला तेव्हा चुना दिलेला होता. तिच्यापुढे खुर्ची होती. खुर्ची रिकामी होती. कोट काढून, नीट घडी घालून, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. दुकानाची वस्तू दुकानात ठेवून जावं तसा.

त्यांनी बाकीचे फोटो उघडले. म्हातारे जागेवर होते. कोटही होते. बाह्या खुर्चीच्या हातांवर टेकलेल्या होत्या, पण बाह्यांतून काही बाहेर आलेलं नव्हतं. निळा नाही, हळद नाही, लाल नखं नाहीत. अकराशे फोटोंत एक बोट उरलेलं नव्हतं.

माणिकबाई हळदीचा फोटो पुन्हा पुन्हा उघडायला लावत होती. शेवटी शेषरावांनी लॅपटॉप मिटला.

काचेखालचा तो टिकलीएवढा चेहरा त्यांनी काढून पुन्हा कपाटात ठेवला. संध्याकाळी तेल्हाऱ्याला फोन केला.

"शालिकराम, भटजीले नाई म्हन."

"काहून भाऊजी? बारा वर्षं..."

"पोरगा इथून उठला. कुठं गेला ते माहीत नाई. माहीत झालं की सांगतो."

शालिकरामला काही समजलं नाही. उन्हानं म्हातारा फिरला, असं तो नंतर सांगत होता.

रामरावांचा फोटो बंडीवरच झाला. शेषरावांनी कोट घातला नाही, केस काळे केले नाहीत. मतदान कार्डावर होता तसा म्हातारा, फक्त मोठा. जानराव बराच वेळ फ्रेमकडे पाहत उभा राहिला. "कोट नाई दिला भाऊ?" "कोट संपला." जानराव मग म्हणाला, "बरं झालं. हा बाबाच दिसते." तेव्हापासून शेषराव सगळ्यांचे तसेच करतात.

आता एवढंच सांगायचं राहिलं. त्या रविवारीच, लाईन आल्यावर, माणिकबाईनं आतल्या खोलीतून ती खुर्ची काढायला लावली. दहा-बारा वर्षं ती पडद्यांच्या गुंडाळ्या, मोडके स्टँड आणि रद्दीखाली दबलेली होती. शेषरावांनी एकेक वस्तू उचलली. धूळ बोटभर. खुर्चीच्या बैठकीवर धूळ, पाठीवर धूळ. फक्त डाव्या हातावरची तळव्याएवढी जागा स्वच्छ होती, आणि तिथं एक पांढरी चिकटपट्टी आडवी चिकटलेली होती. शेषरावांनी बोट लावलं. गोंद ओला होता.

ती त्यांनी काढली नाही. खुर्ची आता दुकानात भिंतीशी असते, तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत. सुरतेला चार दवाखान्यांत विचारून झालं, नाव सापडलं नाही. रोज सकाळी झाडून झाल्यावर माणिकबाई त्या पट्टीला बोट लावून पाहते आणि येऊन सांगते, "ओलं हाय." तेवढं ऐकून शेषराव शटर वर करतात.

काल ती पाहून आली आणि काही बोलली नाही. पदराला हात पुसत चुलीकडे गेली. शेषरावांनी विचारलं नाही. दुपारी ती जेवायला वाढायला वाकली, तेव्हा त्यांना तिचा पदर दिसला.

पदरावर तिनं जिथं बोट पुसलं होतं, तिथं निळा डाग होता.